आईसाठी घेतलेली डबल केबिन

आमच्या अण्णांनी आईसाठी गाडी घेतली होती. हे वाक्य माझं नाही, अण्णांचं आहे. साखरपुडा असो, लग्न असो, नाहीतर कुणाच्या दहाव्याला घाटावर जमलेली माणसं असोत, संधी मिळाली की वडील सांगायचे, "आपण बायकोसाठी डबल केबिन घेतली." ऐकणारे आईकडे कौतुकानं बघायचे. आई पदर सारखा करायची. मी तिथे असले तर उठून दुसरीकडे जायचे, कारण पुढचं सगळं मला माहीत होतं आणि ते चारचौघांत बोलायची सोय नव्हती. आता बोलते.

आमचा मळा मखमलाबादच्या बाजूला. झेंडू, शेवंती, निशिगंध, थोडा गुलाब. अण्णांचे धाकटे भाऊ म्हणजे माझे काका, ते शेत आणि गाडी बघायचे. अण्णांना गाडी चालवता येत नव्हती, ते आडत्यांशी बोलणं आणि पैशाचा व्यवहार करायचे. आणि आई नदीकाठच्या फूलबाजारात गोणपाट टाकून बसायची, सुट्टी फुलं आणि हार विकायची. तिच्याइतकं पटापट विकणारं त्या रांगेत कुणी नव्हतं. गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की ती त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही, पुढच्या माणसाशी बोलायला लागायची. पहिला माणूस मुकाट्यानं तिच्याच भावानं घेऊन जायचा. ही बाई घरात आली की कुठे जायची ते मला आजतागायत समजलेलं नाही.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे मागून उघडी असलेली एक जुनी जीप होती. तिच्यामागे लावायला लोहाराकडून बनवून घेतलेली दोन चाकी ट्रॉली होती. रोजचा माल जीपमध्ये मावायचा. दसरा-दिवाळीला झेंडू निघाला की ट्रॉली जोडायची. पुढे काका गाडी चालवायला, खिडकीशी अण्णा, आणि मागे फुलांच्या पाट्यांत आई. नाशिकची थंडी ज्यांनी पहाटे उघड्या गाडीत खाल्ली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मार्गशीर्षातल्या गुरुवारी फुलांना मागणी फार, आणि थंडीही तेव्हाच फार. आई डोक्याला शाल गुंडाळून, ओल्या पाट्यांना पाठ लावून बसायची. पाट्यांचं पाणी तिच्या मानेवरून खाली जायचं.

पुढे तिघं का बसत नाहीत, असं मी लहान असताना विचारलं होतं. उत्तर असं मिळालं की मध्ये गिअर असतो, आणि दिराच्या मांडीला मांडी लावून भावजय बसली तर रस्त्यानं लोक काय म्हणतील. बरं, मग अण्णांनी मध्ये बसावं आणि आईनं खिडकीशी. यावर घरात सगळे नुसतेच हसले. खिडकी मालकाची असते. रस्त्यानं रामराम घालणारे खिडकीकडे बघून घालतात, तिथे बाई दिसून कसं चालेल? हे मला कुणी समजावलं नाही, ते मी आपलं आपण शिकले.

आईचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. थंडीत जास्त. आधी लसणाचं तेल, मग कुणीतरी सांगितलेला पाला, असं करत करत तो एवढा बिघडला की शेवटी तिला शहरात कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मी तेव्हा कॉलेजात होते, म्हणून बरोबर मला पाठवलं. डॉक्टरांनी कानात दिवा घालून बघितलं आणि मला साध्या शब्दांत सांगितलं. पडद्याला भोक आहे. ऑपरेशन करून ते बुजवता येतं, पण त्याआधी कान काही महिने सलग कोरडा राहिला पाहिजे. वारा, धूळ आणि पाणी, तिन्हीपासून जपायचं. एक हिवाळा नीट गेला तर पुढच्या उन्हाळ्यात करून टाकू. नाही केलं तर हा कान जाईल, आणि उजव्याची लक्षणंही मला बरी दिसत नाहीत.

घरी येऊन मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. अण्णा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "जीप तशीही इकायचीच हाय. आता घ्यायची ती पिकअप घेऊ, हिला आत बसायला होईल अशी."

मला त्या दिवशी अण्णांचा अभिमान वाटला होता. खोटं कशाला बोलू.

त्यानंतर आमच्या घरात पिकअपशिवाय दुसरा विषय राहिला नाही. दोन हजार साल उलटून थोडीच वर्षं झाली होती आणि रस्त्यावर नव्या नव्या पिकअप दिसायला लागल्या होत्या. काकांना एक पांढरी गाडी आवडली होती. एकच केबिन, मागे माल भरायचा लांबलचक हौदा, खाली ओझं पेलायला स्प्रिंगचे जाड पाटे. अण्णांनी हिरवी डबल केबिन धरली होती. तिला पुढे दोन दारं, मागे दोन दारं, आत पूर्ण सीट, आणि त्यामुळे हौदा आखूड. काकांचं म्हणणं असं, की क्रेटची आख्खी रांग कमी बसते, मग गाडी घेतली कशाला? अण्णा म्हणत, रोज काही दसरा नसतो, खत आणायचं, बी आणायचं, दवाखाना करायचा, पाहुण्यांकडे जायचं, माणसासारखी गाडी पाहिजे. काका म्हणत, रिकाम्या हौद्यानं फिरायचं असेल तर कार घ्या. जेवताना भाकरी हातात तशीच राहायची आणि ॲव्हरेजवर भांडण चालायचं.

शेवटी दोन्ही शोरूमवाल्यांना सांगून दोन्ही गाड्या एकाच सकाळी मळ्यावर आणवल्या. काकांनी परीक्षा ठरवली होती. जुनी ट्रॉली ओल्या शेणखतानं काठोकाठ भरायची, ती दोन्ही गाड्यांना पाळीपाळीनं जोडायची आणि म्हसरूळकडच्या चढावर न्यायची. चढाच्या मधोमध थांबायचं आणि पुन्हा उठायचं. जी गाडी मागे न सरकता उठेल ती आपली. शोरूमच्या दोन्ही पोरांचे कपडे इस्त्रीचे होते. शेणखताची ट्रॉली बघून त्यांची तोंडं उतरली, पण गिऱ्हाईक सोडवत नव्हतं.

बघायला आळीतली निम्मी माणसं आली. त्यातल्या एकानंही कधी पिकअप घेतली नव्हती, पण सगळ्यांना सगळं कळत होतं. एक जण चाकाखाली वाकून पाटे मोजत होता. एक जण सायलेन्सरजवळ नाक नेऊन धूर हुंगत होता. काकांनी पांढरीला ट्रॉली जोडली, चढावर थांबवली, मागच्या चाकाशी धोंडा धरून एक माणूस उभा केला. गाडी दुसऱ्या गिअरवर उठली आणि धोंडा काही लागला नाही. लोकांनी माना डोलावल्या. मग हिरवी. ती पहिल्या गिअरवर उठली, जरा कुरकुरत, पण तसूभर मागे आली नाही. चढ संपेपर्यंत काकांचा चेहरा पडला होता, कारण हरवायला त्यांना काही सापडलं नाही.

मी दोन्ही गाड्यांत बसून पाहिलं होतं. माझं मत कुणी विचारलं नाही, पण होतं. पांढरी ओझ्याखाली छान चालायची आणि रिकामी असली की खड्ड्यात उड्या मारायची, दात एकमेकांवर आपटायचे. हिरवीची चाल मऊ होती, स्टिअरिंग हलकं होतं, पण ती लांब असल्यामुळे आमच्या बोळातून वळताना मागेपुढे करावं लागणार होतं. नुसतं ओझं ओढायचं तर पांढरी. रोज माणसं आणि माल दोन्ही न्यायचं तर हिरवी. यात एवढं भांडण्यासारखं काही नव्हतं.

आई तेवढ्यात हार ओवता ओवता उठून आली होती. तिनं ओले हात पदराला पुसले, हिरव्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसली. दार लावून घेतलं. मग हँडल फिरवून काच वर केली. पूर्ण वर. आणि बसून राहिली. बाहेर काका आणि शोरूमवाला ॲव्हरेजवरून तावातावानं बोलत होते, आणि ती काचेआडून शांतपणे समोर बघत होती. मी काचेवर टकटक केलं तेव्हा तिनं थोडी खाली घेतली.

"आत लय निवांत हाय," ती म्हणाली. "वारंच नाय."

एवढीच तिची परीक्षा. मी पांढरीचं आणि हिरवीचं जे काही ठरवलं होतं ते सगळं त्या काचेपुढे फुकट होतं. अण्णांनीही तिला तसं बसलेलं पाहिलं आणि सगळ्या आळीसमोर सांगून टाकलं, "डबल केबिन घ्यायची. हिच्या कानासाठी."

गाडी आली ती पावसाळा संपता संपता, नवरात्राच्या अगोदर. आणि आता ती गोष्ट सांगते जी आमच्यासारख्या फूलमळ्याच्या घरातच घडू शकते.

आमच्यात नव्या गाडीवरून पहिला माल बाजारात जातो तेव्हा पहिली पाटी हौद्यात टाकत नाहीत. तिला माणसाच्या जागेवर बसवतात. हळदकुंकू लावून, तिच्याखाली कोरं कापड घालून. फुलं म्हणजे लक्ष्मी, तिला आधी बसवायचं. आणि भवानी होईपर्यंत, म्हणजे त्या दिवसाची पहिली विक्री होईपर्यंत, गाडी चालवणाऱ्याशिवाय तिच्या शेजारी कुणी बसायचं नाही. बैलगाडी होती तेव्हा पाटी पुढे आणि आजोबा गाडीबरोबर चालत, असं ऐकलं आहे. जीप आली त्या दिवशी पाटी खिडकीशी होती आणि अण्णा सायकलवर बाजारात गेले होते, हे तर मी स्वतः बघितलेलं.

त्या रीतीनं नव्या पिकअपमध्येही पाटी खिडकीशी बसायला हवी होती. अण्णांच्या जागेवर. काकांनी शेवंतीची पाटी आणली आणि पुढचं दार उघडलं. अण्णा नवा सदरा घालून दाराशीच उभे होते. ते बाजूला झाले नाहीत. मग आई पुढे झाली, तिनं काकांच्या हातातली पाटी घेतली आणि मागचं दार उघडून सीटवर ठेवली.

"भाऊजी, हितं ठेवते," ती म्हणाली. "आजच्या दिवस. मी मागं बसते."

सगळ्यांना हायसं वाटलं. काकू म्हणाली, वहिनींना किती कळतं. आई शाल गुंडाळून हौद्यात चढली, गाडी निघाली. पहिला दिवस, गार वारं अजून सुरू झालेलं नव्हतं, तिला कसलाच त्रास झाला नाही. बाजारात पोचल्यावर पाटी उतरवली तर शेवंती नुकती तोडल्यासारखी टवटवीत. बाकीच्या पाट्यांची फुलं वाऱ्यानं थोडी सुकलेली. काका त्या पाटीकडे बघतच राहिले.

त्याच वर्षी काकांनी पॉलिहाउस घालून गुलाब लावला होता. लांब दांड्याचा, पुष्पगुच्छात घालतात तो. या गुलाबाला वारा लागला की पाकळ्यांच्या कडा काळ्या पडतात आणि आडत्या निम्म्या भावात मागतो. दुसऱ्या दिवशी काकांनी गुलाबाच्या बादल्या मागच्या सीटवर ठेवल्या. अण्णांना म्हणाले, चार दिवस बघू. चार दिवसांनी बादल्या कलंडू नयेत म्हणून या दारापासून त्या दारापर्यंत एक फळी बसवली. सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक काढलंच नव्हतं, त्याच्यावर गोणपाट, त्याच्यावर फळी, फळीवर बादल्या. काचा वर केलेल्या.

आई हौद्यात.

मी तेव्हा रोज कॉलेजला जात होते, पहाटेचं सगळं मला लगेच समजलं नाही. दिवाळीनंतर एकदा गाडीबरोबर गेले तेव्हा फळी पाहिली. काकांना म्हटलं, "अर्धी फळी कापा. निम्म्या सीटवर आई बसेल." काका म्हणाले, कापली तर आधार राहत नाही, आणि अंगाला घासून कळ्या मोडतात. मग म्हटलं, गुलाब हौद्यात ठेवा, वरून ताडपत्री घाला. तर ताडपत्रीनं पाकळ्या चुरगळतात. सगळ्याला उत्तर होतं. त्या गुलाबाच्या पाकळीबद्दल आमच्या घरात जितका विचार झाला तितका माणसाच्या अवयवाबद्दल झाला नाही.

मग अण्णांना विचारलं. सरळ विचारलं, ही गाडी कुणासाठी घेतली होती?

"तिच्यासाठीच की," अण्णा म्हणाले.

"मग ती हौद्यात का?"

"मी उठवलं का तिला? तिनंच पाटी ठेवली तिथं. तू व्हतीस ना तवा?"

पाटी तिनंच ठेवली होती. मी पाहिलं होतं. पण ती कुणाची अडचण सोडवायला ठेवली होती, तेही मी पाहिलं होतं, आणि अण्णांनीही. त्यांनी ते पाहिलंच नाही असं ठरवून टाकलं. एक दिवस लक्ष्मीला बसायला जागा दिली आणि लक्ष्मी पुन्हा उठलीच नाही. मला राग आला तो एकट्या अण्णांचा नाही. आईचाही आला. जी बाई बाजारात आठ आण्यांसाठी माणसाला जागेवर उभं करायची, तिला घरी एवढं म्हणता येऊ नये की, फळी काढा, ही माझी जागा आहे? मी तिला तसं बोलून दाखवलं. ती निशिगंधाच्या कळ्या निवडत होती.

"गुलाब काळा पडला तर भाऊजींचं नुकसान व्हतं," ती म्हणाली. "मला शाल हाय."

त्या हिवाळ्यात कान वाहिला. उन्हाळ्यात डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दिवा घालून बघितलं आणि म्हणाले, ओला आहे, आता करता येणार नाही, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीही तेच. डॉक्टर मला जरा रागानंच म्हणाले की मी वाऱ्यापासून जपायला सांगितलं होतं. मी म्हटलं, हो, त्यासाठी आम्ही गाडी घेतली आहे. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

गाडी चांगली होती. तिला नाव ठेवता येणार नाही. दसऱ्याला हौदा झेंडूनं शिगोशीग भरून, वर ताडपत्री ताणून, मागे जुनी ट्रॉली जोडून ती निघाली की काका अभिमानानं सांगायचे, डबल केबिन असली म्हणून काय झालं, ओढते बघा कशी. त्या दिवशी हौद्यात बसायला जागा नसायची. मग आई आणि सणाला मदतीला येणारी काकू, दोघी ट्रॉलीत. काका इतका जीव लावून गाडीची ओढायची ताकद मोजत होते, आणि त्या ओढलेल्या मालात सगळ्यात शेवटी आई होती. पुढच्या सीटवर दोघं भाऊ, मधल्या सीटवर गुलाब, हौद्यात झेंडू, आणि त्यामागे हुकाला अडकलेल्या ट्रॉलीत ती. घरातली उतरंड कुणाला समजावून सांगायची असेल तर ती गाडी नुसती रस्त्यानं जाताना दाखवली तरी पुरे होतं.

एकदा तर कमाल झाली. कॉलेजला सुट्टी होती म्हणून मीही हौद्यात आईशेजारी बसले होते. मागच्या सीटवर परततानाही फळी आणि रिकाम्या बादल्या तशाच असायच्या. बाजारातून परत येताना पेठ रोडला एक जीप बंद पडून उभी होती. मालक ओळखीचा निघाला, अण्णांच्या कुठल्याशा सोसायटीतला. काकांनी दोर काढला, जीप मागे बांधली. जीपचा ड्रायव्हर स्टिअरिंग धरून जीपमध्येच राहिला. मालकाला अण्णा म्हणाले, तुम्ही कशाला थंडीत बसता, या पुढं. आणि अण्णा सरकून मध्ये गेले. गिअरच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून आरामात बसले, आणि तो माणूस खिडकीशी. तिघं अगदी ऐसपैस. गप्पा मारत, हसत आले घरापर्यंत. इतकी वर्षं ज्या जागेत तिघं बसत नव्हते त्या जागेत तिघं कसे बसतात ते मी मागच्या छोट्या काचेतून बघत होते. आईनंही पाहिलं असणार. तिनं शालीचं टोक कानाशी घट्ट ओढून घेतलं आणि मला म्हणाली, घरी गेल्यावर भात लावायचा आहे, आठवण कर.

माझं लग्न झालं आणि मी नाशिकरोडला आले. सासरच्या बैठकीतही अण्णांनी ते सांगितलं. माझे सासरे सरकारी नोकरीतले, त्यांना फार अप्रूप वाटलं. पुढे कित्येक दिवस ते माझ्या नवऱ्याला म्हणायचे, बघ, शेतकरी माणूस, पण बायकोसाठी डबल केबिन घेतली. मी स्वयंपाकघरात असायचे. भांडी जोरात ठेवायचे.

आईचा डावा कान गेला. मग डॉक्टर म्हणाले होते तसा उजवाही जाऊ लागला. फोनवर बोलणं आधी कमी झालं, मग थांबलं. मी फोन केला की अण्णा उचलायचे आणि म्हणायचे, ती बरी आहे. आईचा निरोप अण्णांच्या तोंडून ऐकायचा, माझा निरोप अण्णांच्या तोंडून तिला. त्यातलं किती पोचत होतं देव जाणे. बाजारात तिला गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकू येईना. लोक म्हणायचे, बाई फार ताठ झाली, भाव मागितला तर लक्षच देत नाही. पूर्वी ती मुद्दाम करायची तेच आता आपोआप व्हायला लागलं होतं, फक्त आता गिऱ्हाईक थांबत नव्हतं, दुसरीकडे जात होतं. थोड्याच दिवसांत तिनं बाजाराला जाणं सोडलं. अण्णांनी सांगितलं, आता तिला आराम दिला.

दशक संपत आलं तशी काकांनी मोठी गाडी घ्यायचं काढलं, आणि पिकअप विकायला काढली. ज्या दिवशी गिऱ्हाईक बघायला येणार होतं त्या दिवशी मी माहेरीच होते. नामपूरकडचा कांदेवाला माणूस होता, बरोबर त्याचा मेहुणा. अंगणात गाडी धुऊन उभी केली होती. फळी, बादल्या, गोणपाट सगळं काढलेलं. आई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती.

तो माणूस जाणकार होता. त्यानं बॉनेट उघडलं, पाटे बघितले, हुकाला हात लावून किती झिजला ते बघितलं. हौदा गंजला होता, त्यावरून भाव पाडायला सुरुवात केली. काका ओढायच्या ताकदीचं कौतुक सांगत होते. मग त्यानं मागचं दार उघडलं. शोरूमचं प्लास्टिक पिवळं पडून तडकलं होतं. त्यानं ते एका बाजूनं उचललं. खालची सीट जशी आली होती तशीच होती. कुठे दबलेली नाही, विरलेली नाही, शिवणीचा दोरा हललेला नाही.

"हाई सीट ते नवीच शे," मेहुणा अहिराणीत म्हणाला.

आणि अण्णांचा चेहरा उजळला. हौद्याच्या गंजावरून बोलणं निसटत होतं, तिथे त्यांना हात घालायला जागा सापडली. पुढे होऊन त्यांनी सीटवर थाप मारली.

"नवीच म्हणजे काय! इतक्या वर्षांत या सीटवर माणूस बसलेला नाय. एकदासुद्धा नाय. शप्पथ घेतो."

बायकोसाठी घेतली म्हणून सांगणारा हाच माणूस, हेच तोंड. मी आईकडे बघितलं. तिला काहीच ऐकू आलेलं नव्हतं. सगळे गाडीच्या मागच्या दाराशी जमलेत आणि अण्णा खूश आहेत एवढंच तिला दिसत होतं. तिनं मला हातानं खुणावून जवळ बोलावलं.

"काय म्हणत्यात?" तिनं विचारलं.

तिला ऐकू जायचं तर ओरडून सांगावं लागतं. मी तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं. अंगणात सगळ्यांना ऐकू गेलं.

"अण्णा म्हणताहेत, या गाडीत मागच्या सीटवर कधी कुणी बसलंच नाही!"

अण्णांनी सीटवरचा हात काढून घेतला. काका हुकाकडे बघायला लागले. आईनं मान हलवली. ती चिडली नाही, तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काही आलं नाही. तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला, आणि कित्येक वर्षांपूर्वी फूलबाजारात बोलायची त्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "खरंय की. मग त्याचे जास्तीचे पैसे मागा."

अण्णांनी मागितले. आणि मिळालेही.